रिपोर्टावर नाडी किती होती ते लिहा!

गेल्या महिन्यात एका सोमवारी दवाखाना उघडायच्या आतच आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी, त्यांच्या मंडळी आणि थोरला मुलगा असे तिघे बाकावर येऊन बसले होते. गुरुजींच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत हृदयाच्या सिटी अँजिओग्राफीचा रिपोर्ट, आणि चेहरा असा की जणू नापासाचा निकालच हातात आहे. मुलगा पुढे होऊन म्हणाला, "डॉक्टरकाका, बाबांच्या उजव्या शिरेत सत्तर टक्के ब्लॉक निघालाय. प्लॉटचा व्यवहार करून टाकतोय. शुक्रवारी ॲडमिट व्हायला सांगितलंय."

गुरुजींचे वय ६६. छातीत कधी दुखले नाही, कधी दम लागला नाही. रक्तदाबाची गोळी नियमित, आणि रोज पहाटे नदीच्या पुलापर्यंत चालून येणे. मुलाने वडिलांच्या वाढदिवसाला 'संपूर्ण तपासणी'चे पॅकेज घेतले होते. पूर्वी मुले वडिलांना धोतरजोडी घेत, आता पॅकेज घेतात. त्या पॅकेजात हृदयाचा सिटी स्कॅनही होता.

रिपोर्ट वाचला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, सही, शिक्का, सगळे यथास्थित. एकच गोष्ट कुठे सापडली नाही. स्कॅन होत असताना गुरुजींची नाडी मिनिटाला किती पडत होती, ते लिहिलेले नव्हते.

वाचक विचारतील, डॉक्टर, फोटो काढला यंत्राने, त्यात नाडीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

हृदय धडधडते हे शाळकरी पोरालाही माहीत असते. पण हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या रोहिण्या, ज्यांना आपण बोलताना शिरा म्हणतो आणि डॉक्टर करोनरी आर्टरी म्हणतात, त्या हृदयाच्या पृष्ठभागावरच चिकटलेल्या असतात. साहजिकच हृदय आकुंचन पावले की त्याही त्याच्याबरोबर ओढल्या जातात, पिळवटतात, वाकतात आणि पुन्हा जागेवर येतात. दिवसाला लाखभर वेळा. यांची जाडी म्हणाल तर उगमापाशी तीन-चार मिलिमीटर, पुढे दोन. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढ्या आकाराच्या, सतत झोके घेणाऱ्या नळीच्या आत चरबीचा थर किती साठला आहे, हे आपल्याला बाहेरून पाहायचे असते.

सगळ्या रोहिण्या सारख्या हलत नाहीत. डाव्या बाजूची समोरून खाली उतरणारी मोठी रोहिणी दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या रेषेवर असते, ती त्यातल्या त्यात स्थिर. उजवी मात्र वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामधल्या खाचेतून वळसा घेऊन जाते, आणि दर ठोक्याला ती खाचच्या खाच हृदयाच्या टोकाकडे दीड-दोन सेंटिमीटर ओढली जाते. जर्मनीतल्या डॉक्टरांनी त्या काळच्या अतिवेगवान सिटी यंत्राने या हालचालीचा वेग मोजला आणि २००० साली प्रसिद्ध केला. डावी समोरची रोहिणी सरासरी सेकंदाला सुमारे २२ मिलिमीटर, मागे वळणारी डावी सुमारे ४८, आणि उजवी जवळजवळ ७०. म्हणजे उजवी ही डावीच्या तिप्पट चपळ!

आता यंत्राकडे पाहा. सिटी स्कॅनच्या त्या मोठ्या कड्यात क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती गरगर फिरते. एक चित्र मिळायला साधारण अर्धी फेरी लागते. २००४ च्या सुमारास जी ६४ स्लाइसची यंत्रे आली, त्यांना या अर्ध्या फेरीला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागे. तेवढ्या वेळात सेकंदाला ७० मिलिमीटर धावणारी रोहिणी ११-१२ मिलिमीटर सरकते, म्हणजे स्वतःच्या जाडीच्या तिप्पट. पुढे दोन नळ्यांची यंत्रे आली, वेळ सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत खाली आला. तरी हिशेब करा, चार-पाच मिलिमीटर हलतेच. जत्रेतला फोटोग्राफर "हलू नका" म्हणून बोट वर करायचा. हृदयाला "हलू नका" सांगता येत नाही. सांगितले आणि त्याने ऐकले, तर फोटोची गरजच उरणार नाही!

मग फोटो निघतो कसा? याचे उत्तर मला माझ्या आजोबांच्या विहिरीवर मिळते. माझ्या लहानपणी तिथे शेवटची काही वर्षे मोट चालत होती. बैल धावेवरून जोरात खाली उतरत, मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई, तिथे बैल क्षणभर थांबत. मग उलट्या पावली मागे येत, आणि मोट पाण्यात बुडून भरेपर्यंत पुन्हा थांबत. हा दुसरा विसावा मोठा. हृदयाचेही हुबेहूब असेच. रिकामे झाल्यावर एक छोटा विसावा आणि भरत असताना मधेच एक मोठा विसावा. या दोन क्षणी रोहिण्या जवळपास स्थिर असतात. रुग्णाच्या छातीला ईसीजीच्या तारा लावलेल्या असतात त्या याचसाठी. यंत्र ठोके पाहत बसते आणि विसाव्याच्या क्षणाची चित्रे तेवढी उचलते.

परंतु बैलांना आसूड ओढला तर काय होते? उतरायचा वेळ फारसा कमी होत नाही, कापला जातो तो विसावा. नाडी मिनिटाला ६० असेल तर एका ठोक्याला पुरा एक सेकंद मिळतो, त्यातला तिसरा हिस्सा आकुंचनाचा आणि बाकी आरामाचा. नाडी १०० झाली की ठोका सेकंदाच्या सहा दशांशात उरकावा लागतो, आणि मोठा विसावा जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून स्कॅनच्या वेळी नाडी साठीच्या आसपास आणावी असा दंडक आहे. गोळी देऊन, थोडे बसवून, धीर देऊन.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. रोहिण्यांचा हलता फोटो प्रथम मिळाला तो अपघाताने. १९५८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या महारोहिणीत रंगद्रव्य सोडणार होते. नळीचे टोक नकळत उजव्या रोहिणीच्या तोंडाशी जाऊन बसले आणि सगळे द्रव्य तिच्यात गेले. रुग्णाचे हृदय काही क्षण थांबले. त्याला खोकायला लावले, ठोके पुन्हा सुरू झाले आणि तो वाचला. त्या क्षणापर्यंत असे केले तर माणूस दगावणारच, अशी वैद्यकातली समजूत होती. सोन्स यांनी पुढे सिनेमाच्या फिल्मवर रोहिण्यांचे चित्रण करण्याची पद्धत बसवली. सिनेमात वस्तू हलली तरी बिघडत नाही, हलण्यासाठीच तो असतो. आजही मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून करायची अँजिओग्राफी हा एक छोटा सिनेमाच आहे. सिटी स्कॅनचे तसे नाही. तो अनेक ठोक्यांतले किंवा एकाच ठोक्यातले निवडक क्षण जोडून उभे केलेले चित्र आहे. हा फरक लोकांना कोणी सांगत नाही.

गुरुजींकडे वळू. मी विचारले, "गुरुजी, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते क्रमाने सांगा." शिक्षक माणूस, तपशील चोख. "उपाशी यायला सांगितलं होतं, म्हणून काही खाल्लं नाही. गोळ्याही घेतल्या नाहीत." रक्तदाबाची जी गोळी त्यांना रोज चालू आहे, ती मेटोप्रोलॉल. नाडी संथ ठेवणारी तीच! एरवी जी गोळी स्कॅनआधी मुद्दाम देतात, ती गुरुजींनी नेमकी त्याच दिवशी चुकवली. ती अचानक बंद केली की नाडी उसळते, हे आणखी वेगळे. "आणि चहा?" "चहा म्हणजे काही खाणं नव्हे. एसटी स्टँडवर दोन कप घेतले." शहरात लिफ्ट बंद, तीन मजले चढून गेले. आत त्या कड्यात झोपवल्यावर जीव घाबरलेला. नाडी किती होती कोणी सांगितले नाही, पण नव्वदीच्या पुढे असणार यावर मी पैज लावली असती.

मी एमबीबीएस माणूस. रोहिणीचा फोटो वाचणे हे माझे शास्त्र नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणी माझे एक रेडिओलॉजिस्ट स्नेही आहेत, त्यांच्याकडे सीडी घेऊन गेलो. (कागदाचा रिपोर्ट सगळे जपून ठेवतात आणि सीडी फ्रीजवर धूळ खात पडते. खरा ऐवज सीडीत असतो.) त्यांनी पडद्यावर दाखवले. गोल दिसायला हवी ती रोहिणी चंद्रकोरीसारखी फाकली होती, आणि शेजारी तिचीच दुसरी सावली. सीडीवर दुसऱ्या विसाव्याच्या क्षणाचीही चित्रे होती. त्यात तीच जागा बरीच मोकळी दिसत होती. ते म्हणाले, "हा ब्लॉक गुरुजींच्यात आहे की फोटोत आहे, हे यावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. हृदयरोगतज्ज्ञांशी बोला. छातीत दुखत नसेल तर शुक्रवारची घाई कशासाठी?"

हृदयरोगतज्ज्ञांचेही तेच मत पडले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा स्कॅन झाला. या वेळी रोजची गोळी घेऊन, चहा टाळून, तासभर आधी जाऊन बसले. तिथे नाडी मोजली, आणखी एक गोळी दिली, श्वास रोखण्याची दोनदा तालीम घेतली. नाडी ५८. उजव्या रोहिणीच्या त्याच जागी भिंतीला थोडासा थर निघाला, अडथळा वीस-पंचवीस टक्क्यांचा. त्यासाठी गोळ्या पुरतात.

यावरून कोणी सिटी अँजिओग्राफी म्हणजे फसवणूक असा अर्थ काढू नये. या तपासाचा मी पक्षपाती आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या ४१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्यासोबत हा स्कॅन. २०१८ साली पाच वर्षांचा निकाल आला. हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण स्कॅनवाल्यांत २.३ टक्के, इतरांत ३.९ टक्के. स्कॅनवाल्यांत शस्त्रक्रिया फार वाढल्या असे नाही, पण ज्यांच्या रोहिणीत खराबी दिसली त्यांना योग्य गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. ब्रिटनने २०१६ पासून छातीतल्या संशयास्पद दुखण्याला हीच पहिली तपासणी ठरवली आहे. यंत्र उत्तमच आहे. माझे भांडण आहे ते घाईशी आणि अर्धवट रिपोर्टाशी.

कारण हलत्या फोटोची चूक नेहमी ब्लॉक वाढवूनच दाखवते असे नाही. आता जे लिहितो ते लिहिताना हात अडखळतो. चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीतले एक शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, चढावरच्या रानात जाताना छाती भरून येते म्हणून माझ्याकडे आले. मीच त्यांना स्कॅनला पाठवले. जाण्याआधी नाडी मी मोजली नव्हती. रिपोर्ट आला. डाव्या रोहिण्या ठीक. उजवीबद्दल शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिले होते की हालचालीमुळे मधला भाग पाहता आला नाही. तात्यांच्या पुतण्याने मला फोनवर वाचून दाखवले, "नॉर्मल आहे म्हणतात." रविवार होता, मी कागद डोळ्यांनी पाहिला नाही. म्हणालो, छान झाले. तात्या तीन महिने निर्धास्तपणे रानात जात राहिले. चौथ्या महिन्यात उजव्याच रोहिणीचा झटका आला. जीव वाचला, पण हृदयाची ताकद पस्तीस टक्क्यांवर आली. आता ते ओसरीवर बसून असतात, रान पुतण्या करतो. मी समोरून गेलो की "या डॉक्टरसाहेब, चहा घ्या" म्हणतात. त्यांनी कधी बोल लावला नाही.

'दिसला नाही' आणि 'नाही' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परीक्षेला गैरहजर राहिलेला मुलगा पास नसतो. जगभरच्या तज्ज्ञांनी २०१६ साली या रिपोर्टांसाठी 'कॅड-रॅड्स' नावाची एक ठरीव पद्धत घालून दिली, २०२२ साली ती सुधारली. शून्यापासून पाचपर्यंत श्रेणी, आणि जिथे चित्रावरून निदानच होऊ शकत नाही तिथे 'एन' ही वेगळी खूण. ही खूण निष्कर्षात, ठळकपणे येणे अपेक्षित आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत नव्हे. चांगल्या केंद्रांत तशी लिहितातही. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत अजून ती क्वचित दिसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रिपोर्टात स्कॅनच्या वेळी नाडी किती होती, ती नियमित होती की नव्हती, आणि कोणता भाग नीट दिसला नाही, ही तीन वाक्ये वरच लिहावीत. याला नवे यंत्र लागत नाही. आकडा यंत्राच्या पडद्यावर आधीच असतो, तो कागदावर उतरवायचा एवढेच. आता काही यंत्रांत संगणक शेजारच्या क्षणांवरून रोहिणीची हालचाल मोजतो आणि पुसट झालेले चित्र सरळ करून देतो. उपयोगी युक्ती आहे, वापरावी. पण तसे केले असेल तर तेही लिहा. दुरुस्त केलेला दागिना आहे हे सराफ सांगतो की नाही?

दुसरे भांडण पॅकेजांशी. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, अशा माणसाला थेट या स्कॅनखाली घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गुरुजींचा पहिला स्कॅन मुळात व्हायलाच नको होता. क्ष-किरण, मूत्रपिंडावर रंगद्रव्याचा भार आणि वर एखादा पुसट डाग, की घरादाराची झोप उडते. साखर, रक्तदाब, चरबी आणि तंबाखू यांची चौकशी आधी करा, ती आमच्या गावात होते.

तिसरी गोष्ट टक्क्यांची. सत्तर हा आकडा ऐकला की लोकांना लगेच स्टेंट दिसतो. २०२० साली 'इस्केमिया' नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. ३७ देशांतले ५१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. ज्यांचा आजार स्थिर आहे, त्यांच्यात आधी स्टेंट किंवा बायपास केल्याने गोळ्यांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांना वरचेवर छातीत दुखत होते त्यांना आराम मात्र जास्त पडला. डाव्या मुख्य रोहिणीतच मोठा अडथळा असलेले रुग्ण या अभ्यासातून वगळले होते, आणि तो अडथळा शोधायला वापरला होता सिटी स्कॅनच. तेव्हा विचार करायला वेळ असतो, हे लक्षात घ्या. अपवाद एकच. छातीत अचानक जोराची कळ, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे असे झाले तर स्कॅनची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, सरळ ईसीजीची सोय असलेल्या इस्पितळात जा. तिथे मिनिटे मोजायची असतात.

ज्यांना डॉक्टरांनी खरोखर हा स्कॅन सांगितला आहे त्यांच्यासाठी थोडे. रोजच्या गोळ्यांपैकी कोणती घ्यायची, कोणती नाही, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. 'उपाशी' म्हणजे 'औषधाविना' नव्हे. मधुमेहाच्या गोळ्यांचे मात्र वेगळे आहे, त्या स्वतंत्रपणे विचारा. चहा-कॉफी आदल्या रात्रीपासून बंद, तंबाखूही. दमा असेल तर तो लपवू नका. नाडी संथ करणाऱ्या गोळीने काहींचा दमा उसळतो, त्यांना दुसरे औषध देता येते. रोहिणी फुलावी म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. पुरुषांनी शक्तिवर्धक म्हणून सिल्डेनाफिलसारखी गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल, तर लाज सोडून सांगावे, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. मुलगा शेजारी उभा असेल तर त्याला बाहेर पाठवा आणि सांगा, पण सांगा. ज्यांची नाडी मुळातच अनियमित आहे, त्यांनी हा तपास आपल्याला कितपत उपयोगी पडेल हे जाण्याआधीच विचारावे.

गुरुजींचा प्लॉट अजून गुरुजींच्याच नावावर आहे. परवा पुलावर भेटले. हल्ली ते मनगटावर बोट ठेवून घड्याळाकडे बघत चालतात. म्हणाले, "आज बसून चौसष्ट, चढावर अठ्ठ्याण्णव." मी म्हटले, "वहीत लिहून ठेवा." खिशातून वही काढून दाखवली. लाल शाईने तक्ता आखलेला होता.